पाय जपा, तिथं बँड सॉ आहे

डिलाईल रोडवरच्या आमच्या चाळीत, तळमजल्याला, दिगू मेस्त्रींचा लाकडाचा कारखाना होता. बावीस वर्षांत त्या कारखान्यात एक फळी कापली गेली नाही, पण अपघात मात्र चार झाले.

त्यातला एकच सांगतो, पोस्टमनचा. तो पत्र द्यायला सरळ आत शिरला आणि मेस्त्री एवढ्यानं ओरडले, "पाय! पाय जपा! तिथं बँड सॉ आहे!" की त्या बिचाऱ्यानं जागच्या जागी उडी मारली आणि तो थेट भिंतीवर आदळला. कपाळाला लिंबाएवढं टेंगूळ आलं. मी तेव्हा लिंबाएवढं म्हणालो होतो. नंतर सांगता सांगता ते नारळाएवढं झालं आणि आता शहाळ्याच्या खाली मी येत नाही. पोस्टमननं कपाळ चोळत खाली पाहिलं. शहाबादी लादीवर खडूनं आखलेला एक चौकोन होता आणि त्यात सुबक अक्षरात लिहिलं होतं, 'बँड सॉ'. बाकी खोली रिकामी.

"कुठाय?" त्यानं विचारलं.

"यायचाय," मेस्त्री म्हणाले.

असा तो कारखाना. दहा बाय बाराचा गाळा, एक खिडकी, एक दार, आणि लादीभर खडूच्या रेघा. पांढऱ्या रेघांत यंत्रं: फळी उभी चिरायचं टेबल सॉ, पट्ट्याची करवत गरगर फिरवणारा बँड सॉ, लाकूड गुळगुळीत करणारा प्लॅनर, खुर्चीचे पाय कातायचं लेथ. पिवळ्या रेघांत हातहत्यारं: रंधे इथं, पटाश्या इथं, करवती भिंतीला. आणि लाल रेघ म्हणजे जिथं माणसानं बोट न्यायचं नाही ती जागा. यंत्रं येतील तेव्हा येतील, बोटं आतापासून सांभाळायची.

मेस्त्री दिसायलाही आखलेलेच. सुताराकडं काटकोन तपासायचा लोखंडी गुण्या असतो ना, त्याला लेंगा-बनियन घातलं की झाले मेस्त्री. उजव्या कानामागं पेन्सिल, डाव्या कानामागं खडू. कान ऐकण्यासाठी असतात हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असेल तरी मध्ये पेन्सिल होती. त्या पेन्सिलीचं टोक असं की चुकून डास बसला तर वरच जायचा. आणि खडूच्या रेघा इतक्या सरळ, की रांगेनं चाललेल्या मुंग्या त्या पाहून लाजून परत फिरल्याचं मी डोळ्यांनी पाहिलंय.

त्यांचं एकच ब्रह्मवाक्य होतं. "आधी रेघ, मग करवत. रेघ चुकली तर खडू जातो, करवत चुकली तर झाड जातं."

वाक्य चांगलंच होतं. फक्त त्यातलं 'मग' कधी आलं नाही.

गाळा त्यांच्या वडलांचा. आबा मेस्त्री गिरणीच्या सुतारखात्यात होते आणि संध्याकाळी या गाळ्यात काम करायचे. चाळीतल्या निम्म्या पोरांनी आबांच्या पाळण्यात भोकाड पसरलंय, आणि त्या पोरांच्या आज्या आबांच्या खाटेवर गेल्यात. आबा गेले, मागे गाळा आणि सागवानी हत्यारपेटी ठेवून गेले. दिगू मेस्त्री स्वतः जन्मभर ऑफिसांच्या इंटिरिअरवाल्यांकडं कामाला. प्लायवूडवर लॅमिनेट चिकटवायचं, कडा घासायची, पुढच्या मजल्यावर जायचं. "आयुष्यभर लाकडाच्या मढ्याला कपडे घातले," असं ते म्हणायचे. त्यांना खरं लाकूड हवं होतं. साग, शिसम, फणस. आणि खरा कारखाना, ज्यात एकही खिळा असणार नाही. "खिळा मारणं म्हणजे लाकडाशी खोटं बोलणं."

त्यासाठी त्यांनी पहिलं काम काय केलं, तर आबांचा चालता कारखाना उचकटला. बाक काढून टाकला, कारण तो आराखड्यात बसत नव्हता. हत्यारपेटी वर खोलीत नेऊन खाटेखाली सारली, कारण जागा ठरल्याशिवाय आत काही ठेवायचं नाही. "एक वस्तू चुकीची बसली, की बाकीच्या दहा तिच्याभोवती चुकतात," हे दुसरं ब्रह्मवाक्य. झालं. गाळा धुऊन मोकळा केला आणि खडू हातात घेतला. तेव्हा ते पंचेचाळीसचे होते.

पुढं मोबाईल आला आणि मोबाईलमध्ये अमेरिकेतला एक टकलू आला. तो आपल्या घरामागच्या कारखान्यात टेबलं-खुर्च्या करून दाखवायचा. मेस्त्रींना इंग्रजी येत नव्हतं आणि टकलूला मालवणी, पण दोघांचं छान जमलं. त्या टकलूचा कारखाना आमच्या चाळीच्या अख्ख्या मजल्याएवढा. मेस्त्री दर रविवारी त्याचं एकेक यंत्र उचलून आपल्या दहा बाय बारात बसवायचे आणि दर सोमवारी एकेक बाहेर काढायचे.

सगळ्यात मोठं संकट टेबल सॉचं. आठ फुटी फळी चिरायची तर करवतीच्या अलीकडं आठ फूट जागा लागते आणि पलीकडं आठ. गाळा बारा फूट. या चार फुटांवर मेस्त्रींनी सात वर्षं घालवली. शेवटी तोड काढली: पलीकडच्या भिंतीला फळीच्या जाडीची फट पाडायची. फळी इकडून आत, तिकडून बाहेर. मी म्हटलं, "मेस्त्री, पलीकडं पिठाची गिरणी आहे. फळी थेट गिरणीवाल्याच्या बेंबीतून निघेल."

मेस्त्रींनी गंभीरपणे विचार केला. "त्याला सांगू, फळी येताना जरा सरक."

हसू नका. ते गिरणीवाल्याकडं सांगायला गेलेसुद्धा होते.

आम्ही मात्र हसायचो. चाळीला करमणूक लागते आणि मेस्त्री ती फुकट पुरवायचे. दारावरून जाताना आम्ही मुद्दाम पाय उचलून, काहीतरी ओलांडल्यासारखं चालायचो. कुणी आत डोकावून "मेस्त्री, प्लॅनर जरा बंद करा, बाळ झोपलंय," म्हणायचं. गंमत म्हणजे पुढं पुढं सवयच लागली. घाईत असताना, कुणी बघत नसतानाही लोक बँड सॉला वळसा घालून जायचे. चाळीची मांजरंसुद्धा. एका बोक्याला तर मी टेबल सॉवरून उडी मारून जाताना पाहिलंय. चार पायांनी, तीन फूट उंच.

या सगळ्यात एका माणसाला हसू येत नव्हतं. सुनंदाकाकींना. मेस्त्रींची बायको. कुडाळकडची, बारीक चणीची, तोंडानं फटकळ आणि गुडघ्यांनी गेलेली. मोरीत उकिडवं बसून भांडी घासताना गुडघे असे वाजायचे की शेजारच्या खोलीला वाटायचं, शेंगा फोडतायत.

काकींनी नवऱ्याकडं आयुष्यात एकच वस्तू मागितली, तीही कारखान्याच्या बाराव्या वर्षी. मोरीत बसायला वीतभर उंचीचं स्टूल.

"होईल," मेस्त्री म्हणाले. "कारखाना लागला की पहिलं काम तेच."

आणि त्यांनी स्टुलाचा आराखडा काढायला घेतला. सागाचं, खाचेत खाच बसवलेलं, खिळा नाही, पाण्यानं फुगलं तर आणखी घट्ट होईल असं. आराखड्याच्या पहिल्या वर्षी पाय तिरपे होते. तिसऱ्या वर्षी सरळ झाले. पाचव्या वर्षी पाण्याचा निचरा व्हावा म्हणून बैठकीला उतार आला. आठव्या वर्षी काकी मोरीत उठता उठता घसरल्या आणि मनगट मोडलं. दवाखान्यातून आल्यावर मेस्त्री त्यांच्या उशाशी बसून राहिले, अगदी कळवळून. आणि बसल्या बसल्या त्यांना काहीतरी सुचलं. कागद जवळ नव्हता. त्यांनी कानामागची पेन्सिल काढून काकींच्या हाताच्या प्लास्टरवर स्टुलाची खाच काढली.

सहा आठवडे ती बाई नवऱ्यानं काढलेलं स्टूल गळ्यात अडकवून हिंडली. "मिळाला गे बाय माका स्टूल," नळावर बायकांना हात वर करून दाखवायची, "आता ह्येच्यावर बसू कसा तेवढा सांगा."

शेवटी वरच्या मजल्यावरचे जाधव उठले. जाधव पालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेले, चाळ समितीचे सचिव, आणि हाताला लागेल त्यानं समोर येईल ते दुरुस्त करणारा माणूस. त्यांनी फळांची दोन खोकी फोडली, अर्ध्या तासात नऊ खिळे ठोकले आणि स्टूल मोरीत नेऊन ठेवलं. काकी त्यावर बसल्या. मोठा श्वास सोडला. आठ वर्षांत पहिल्यांदा भांडी घासताना गुडघे वाजले नाहीत.

मेस्त्री संध्याकाळी आले. काकींना उठवलं. स्टूल उलटं केलं, गुण्या लावला, टेप लावली, डोळा मिटून पाहिलं. एखाद्या डॉक्टरनं नातेवाइकांना बाहेर बोलावून सांगावं तशा आवाजात म्हणाले, "डावा मागचा पाय पाव इंच आखूड आहे."

"पण स्टूल आसा तरी!" काकी म्हणाल्या, आणि स्टूल हिसकावून परत बसल्या.

मी अशा वेळी गप्प बसणाऱ्यातला नाही. त्या वर्षीच्या खंडेनवमीला मला एक कल्पना सुचली. खंडेनवमीला हत्यारांची पूजा. टॅक्सीवाले टॅक्सीला, प्रेसवाले यंत्राला, गिरणीवाला जात्याला हार घालतात. आम्ही ठरवलं, मेस्त्रींच्या कारखान्याचीही पूजा करायची. फक्त जाधव आले नाहीत. "आमच्यात हत्यार पुजत नाहीत, चालवतात," म्हणाले आणि कुणाचा तरी नळ दुरुस्त करायला निघून गेले. बाकी चाळ जमली. सात हार, पेढे, मंडळाचा ताशा. खडूच्या एकेका चौकोनावर आम्ही मोठ्या थाटात हार ठेवत गेलो आणि मेस्त्रींना बोलावणं पाठवलं. वाटलं होतं, ओशाळतील, चिडतील, हसतील.

मेस्त्री दारात आले, पाहिलं, आणि उलट पावली वर गेले. पाच मिनिटांनी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, कुंकवाची वाटी घेऊन उतरले. प्रत्येक चौकोनावर बोट टेकलं. लेथपाशी थांबून म्हणाले, "याला एवढा मोठा हार नको. फिरतं यंत्र आहे, गुंतेल." आणि हार स्वतःच्या हातानं सोडवून लहान करून ठेवला. डोळ्यांत पाणी होतं. हसू दाबून दाबून माझ्या बरगड्या इतक्या फुगल्या की शर्टाची दोन बटणं गिरणीवाल्याच्या पिठात सापडली.

भिंतीवर खडूनं काढलेलं बटण होतं. मी ते दाबलं. "खट्!" आणि सगळ्यांनी मिळून आवाज काढला, घर्रर्रर्र.

"थांबा, थांबा!" मेस्त्री ओरडले. "टेबल सॉ असा नाही ओरडत. आधी बारीक आवाज येतो. लाकूड लागलं की जाड होतो. पुन्हा."

त्यांनी आम्हाला आवाज शिकवला, महाराज! हाताचा इशारा करून, आरतीचा ताल धरावा तसा. बायका बारीक सुरात, पुरुष जाड सुरात. चाळीस-पन्नास माणसं टेबल सॉसारखी ओरडतायत आणि मध्ये मेस्त्री डोळे मिटून उभे. मी कबूल करतो, क्षणभर मलाही सागाच्या भुशाचा वास आला.

मग मला राहवलं नाही. वाटीतलं कुंकू पाण्यात कालवून मी बोटांना फासलं, हात टेबल सॉच्या लाल रेघेत घातला आणि किंचाळलो.

मेस्त्रींचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. ते धावत आले, माझं मनगट आवळून हात डोक्याच्या वर धरला, दुसऱ्या हातानं स्वतःच्या इस्त्रीच्या शर्टाची बाही टरकन फाडली आणि माझी बोटं बांधायला घेतली. बांधता बांधता थांबले. बोट नाकाशी नेलं. कुंकू.

मग त्यांनी माझ्या कानाखाली वाजवली. पन्नास माणसांत. ताशा वाजवणाराही थांबला.

"मशीन चालू असताना मस्करी नाही, पक्या," मेस्त्री म्हणाले.

आणि चाळ हसली. आता सगळे मला हसत होते. मी तेव्हा चाळिशीतला, दोन पोरांचा बाप. पुढं कितीतरी दिवस जिन्यावर कुणी भेटलं की "खट्" करायचं आणि स्वतःचाच गाल धरायचं. चाळीतला माणूस उपाशी काढलेले दिवस विसरतो, पण झालेलं हसं विसरत नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी चाळ पाडून टॉवर बांधायचं नक्की झालं. प्रत्येक खोलीमागं वर एक फ्लॅट. आणि तळमजल्यावर ज्यांचे गाळे चालू आहेत त्यांना नव्या इमारतीत खाली तेवढाच गाळा. पण चालू असायला हवा. बिल्डरचा सर्व्हे होणार, आतला फोटो काढणार. आत धंद्याचं काही दिसलं तर गाळा मिळणार. रिकामा दिसला तर गाळा गेला, कायमचा.

जाधव मेस्त्रींच्या मागे लागले. "मेस्त्री, मी माझा खोक्याचा बाक देतो. त्यावर दोन करवती ठेवा. फोटोपुरतं नाटक करा."

"खिळ्यांचा बाक? माझ्या कारखान्यात?"

"अहो, कारखाना राहिला तर तुमचा!"

मेस्त्री ढिम्म हलले नाहीत. मग काकी बोलल्या. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "आबांची पेटी तरी खिळ्यांची नाय मा?"

आबांच्या पेटीत एकही खिळा नव्हता. आणि आराखड्यात तिची जागाही ठरलेली होती: खिडकीखाली, पिवळ्या चौकोनात. बावीस वर्षांतली एकमेव ठरलेली, शंभर टक्के पक्की जागा. "पेटी न्यायला हरकत नाही," ते म्हणाले. जाधवांनी कपाळाला हात लावून वर पाहिलं. पेटी आत जाणार, फोटो निघणार, गाळा वाचणार. सगळी चाळ खूश. मीसुद्धा मेस्त्रींची पाठ थोपटली.

सर्व्हेच्या दिवशी सकाळी आठ वाजता नळावर सुनंदाकाकी भेटल्या. खुशीत होत्या. मी म्हटलं, "काकी, आज मोठी माणसं येणार तुमच्या गाळ्यात. लादी तेवढी पुसून घ्या. किती मळलीय."

बस, एवढंच. पाहुणे येणार म्हटल्यावर कुठल्याही घरात लादी पुसतात. खडूचं माझ्या लक्षातच आलं नाही, असं मी नंतर सगळ्यांना सांगत आलो.

आलं होतं.

दहाच्या सुमारास मेस्त्री आणि जाधव पेटी धरून जिना उतरले. मेस्त्रींनी पेटीला तेल लावलं होतं, पितळी कोपरे सोन्यासारखे चमकत होते. काकी दारात बादली घेऊन उभ्या. मेस्त्रींनी आत पाऊल टाकण्यासाठी पाय उचलला आणि तो तसाच हवेत राहिला.

लादी आरशासारखी. ओली. एक रेघ नाही.

"पुसून चकचकीत केलंय," काकी म्हणाल्या. "येवंदेत आता कोण येतत ते."

पेटी मेस्त्रींनी दाराबाहेर पॅसेजमध्ये टेकवली, खिशातून टेप काढली, आत जाऊन गुडघ्यांवर बसले आणि खिडकीपासून मोजायला लागले.

"मेस्त्री, पेटी आत घ्या!" जाधव म्हणाले. "कुठंही ठेवा!"

"कुठंही?" मेस्त्रींनी असं पाहिलं, जसं काही जाधवांनी आबांना शिवी दिली. "पाच मिनिटं थांबा. पिवळी रेघ मारतो."

ओल्या लादीवर खडू कसला उमटतोय. त्याची पेस्ट झाली. मेस्त्रींनी बनियननं लादी पुसली, पुन्हा रेघ मारली, पुन्हा चिखल. काकींना आता कळलं होतं काय झालंय. त्या पुढं झाल्या आणि पदरानं लादीला वारा घालायला लागल्या. बाहेर पेटी. मध्ये उंबरठा. एका हाताचं अंतर.

जाधवांनी पेटी एकट्यानं उचलून पाहिली. आबांच्या हत्यारांचं वजन; ती हलेना. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं. जवळ मीच उभा होतो. "पक्या, धर रे एका बाजूनं!"

त्याच वेळी माझी कंबर धरली. अचानकच. असं होतं या वयात.

सर्व्हेवाली मॅडम आली. पंचविशीची पोरगी, हातात टॅब, मागे साठ खोल्यांची यादी. दारातून तिनं आत पाहिलं. रिकाम्या गाळ्यात एक म्हातारा गुडघ्यांवर आणि एक म्हातारी पदर हलवतेय.

"हा गाळा कसला?"

"कारखाना," मेस्त्री खालूनच म्हणाले.

"कशाचा?"

"लाकडाचा. जरा पाय जपा, तिथं..." मेस्त्रींनी तिच्या पायांकडं पाहिलं. लादीकडं पाहिलं. तिथं काय होतं ते पहिल्यांदाच त्यांना सांगता येईना.

"ही पेटी आहे मॅडम," जाधव घाईनं म्हणाले. "कारखान्याचीच आहे. आतलीच."

"आतली आहे तर बाहेर कशी, सर? पॅसेजमधलं सामान मला धरता येत नाही. पॅसेजमध्ये सगळ्यांचंच काही ना काही आहे." खरंच होतं. पेटीशेजारी कुणाचं पिंप होतं, कुणाची सायकल. तिनं आतला फोटो काढला, टॅबवर टाईप केलं आणि आम्हाला ऐकू जाईल असं वाचलं, "गाळा रिकामा. साफसफाई चालू."

त्यानंतर जाधवांनी अर्ज केले, खेटे घातले, मोठमोठ्या आवाजात भांडले. पण फोटो म्हणजे फोटो. मेस्त्री कुणाशी भांडले नाहीत. त्यांनी एकच गोष्ट केली. त्या दिवसापासून सुनंदाकाकींशी बोलणं टाकलं. एक शब्द नाही. जेवण वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर पेटीवर बसून राहायचे. चाळ रिकामी झाली, भाड्याच्या खोलीत चार वर्षं काढली, टॉवर उभा राहिला, तरी नाही.

आणि काकींनी नवऱ्याला कधी सांगितलं नाही की लादी पुसायला कुणी सांगितलं होतं. मी रोज वाट पाहायचो. आज सांगेल, उद्या सांगेल. दारावर टकटक झाली की माझा गाल आपोआप गरम व्हायचा. पण काकी भेटल्या की नुसतं हसायच्या. मला शिव्या घातल्या असत्या तरी मी झोपलो असतो.

मेस्त्रींना शेवटचं पाहिलं ते या उन्हाळ्यात. थोरलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला एकोणिसाव्या मजल्यावर गेलो. चाळीच्या वेळी खाली बसणाऱ्या माणसाला देवानं एवढ्या वर नेलं, की खिडकीतून वरळीचा समुद्र दिसतो आणि बोटी खडूनं काढल्यासारख्या. फ्लॅटमध्ये टाइल्स बिल्डरच्या. दुधासारख्या पांढऱ्या, तेल लावल्यासारख्या गुळगुळीत. त्यांवर खडू टेकवला तर घसरून जातो, रेघ उमटत नाही. जाधवांनी मला सांगितलं होतं, मेस्त्रींनी पहिल्या आठवड्यात अख्खा डबा संपवून पाहिला. आबांची पेटी भिंतीला लावली होती आणि तिच्यावर टीव्ही. ठेवली होती, कुठंही. कानामागं पेन्सिल नव्हती, खडू नव्हता. दोन्ही कान अगदी मोकळे, आणि नुसत्या कानांचा माणूस किती उघडा दिसतो हे मला तेव्हा कळलं.

"बस रे प्रकाशा," काकी म्हणाल्या आणि आतून स्टूल आणून हॉलच्या मध्ये ठेवलं. जाधवांचं, नऊ खिळ्यांचं. पाण्यानं काळं पडलेलं, पण धड. मी बसलो. स्टूल डुललं.

"डावा मागचा पाय पाव इंच आखूड आहे," मेस्त्री म्हणाले. टीव्हीकडं पाहून. टीव्ही बंद होता.

मी पत्रिका दिली, अक्षता दिल्या. काकींनी चहा दिला. मग त्या आत गेल्या आणि बादली, फडकं घेऊन आल्या.

"पाय वर घे रे," काकी म्हणाल्या. "लादी पुसून घेतंय. पावणो इलो की लादी पुसूक व्हयी. तूच सांगितलं होतंस मा?"

आवाज अगदी गोड. मेस्त्रींनी मान वळवली. आधी काकींकडं पाहिलं, मग माझ्याकडं. सहा वर्षांत त्यांनी बायकोकडं पहिल्यांदा पाहिलं असावं. मी दोन्ही पाय उचलले, चहाचा कप छातीशी धरला आणि त्या पाव इंच आखूड स्टुलावर डुलत राहिलो. काकी माझ्या खालून, बाजूनं, सावकाश, एकेक टाइल पुसत होत्या. गुडघे वाजत होते. मी गाल तयार ठेवला होता.

मेस्त्री उठले. माझ्यापर्यंत आले. माझ्या लटकत्या पायांखालच्या ओल्या लादीकडं बराच वेळ पाहत उभे राहिले. ती सुकेपर्यंत.

"ठेव पाय," ते म्हणाले. "काही नाही तिथं."